चार वर्षांच्या लेकीचा डबा

"चार वर्षांच्या लेकराला जात कळते का?"

हा प्रश्न मी आजवर शिबिरांत, व्याख्यानांत कितीतरी वेळा ऐकला आहे. विचारणारे बहुतेक आपले पुरोगामी मित्रच असतात आणि उत्तरही तेच देऊन टाकतात. लहान मुलं निरागस असतात, त्यांना जातबित काही ठाऊक नसतं, मोठी माणसंच ती त्यांच्या डोक्यात भरतात. मग जरा थांबून, आवाज मऊ करून म्हणतात, "तुम्ही लोक घरात सारखी जातीची चर्चा करता ना, ती थोडी कमी करायला पाहिजे."

या मित्रांना मी शिबिरात सडेतोड उत्तर द्यायचो. टाळ्या पडायच्या. २०२४ च्या श्रावणात हाच प्रश्न माझ्या घरात आला आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही आणि पुढं काय केलं, ते आज लिहितो आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं काही जण म्हणतील. पण आपल्या घरात वाढणारी तीन ते सहा वर्षांची लेकरं हा चळवळीचा विषय आहे असं माझं मत बनलं आहे. ते मत घरात बनलं, म्हणून घरातूनच सांगतो.

आम्ही अकोल्यात राहतो. विदर्भातलं अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं अकोले. घरात चार माणसं: माझी आई, बायको, मी आणि लेक. लेकीला घरात छकुली म्हणतो, इथंही तेच म्हणेन. तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. बायको एएनएम आहे. तिचं उपकेंद्र राजूरच्या वर, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्यांच्या भागात. सकाळची एसटी धरायची म्हणजे तिला सातला घर सोडावं लागतं. त्यामुळं छकुलीला उठवणं, आंघोळ, वेणी, डबा, शाळेत सोडणं हे सगळं माझ्याकडं. दुपारी आई तिला घेऊन येते.

हे वाचून कोणाला वाटेल, बघा, किती समतावादी नवरा. तसं काही नाही. हे काम माझ्याकडं कसं आलं ते पुढं सांगतो.

त्या दिवशी मी छकुलीच्या डब्यात अंड्याची पोळी दिली होती. ज्युनिअर केजीत जायला लागून दोन महिने झाले होते. दुपारी डबा जसाच्या तसा परत आला. "का गं, खाल्लं नाहीस?" तर म्हणाली, "मी तिला दिलं, तिनं नाही घेतलं." ती म्हणजे तिची शेजारी बसणारी मैत्रीण. मला वाटलं, श्रावण आहे, घरात अंडं चालत नसेल. दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी आणि चपाती दिली. तो डबाही अर्धा परत आला. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो तर ती पायरीवर बसली होती. मला बघून म्हणाली,

"पप्पा, ती म्हणाली तुम्ही जयभीमवाले आहात. तिच्या मम्मीनं सांगितलं, तुझ्या डब्यातलं खायचं नाही. पप्पा, जयभीमवाले म्हणजे घाण का?"

आमच्या घरात 'जयभीम' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. फोन आला की जयभीम, दारात कोणी आलं की जयभीम. छकुली बोलायला लागली तेव्हा मम्मी आणि पप्पा यांच्या मागोमाग हाच शब्द शिकली. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ती जयभीम घालते. तिच्या दृष्टीनं तो माणूस दिसल्यावर आनंदानं म्हणायचा शब्द. त्याच शब्दाला 'वाले' जोडून कोणीतरी तिला घाण परत दिली होती.

मी काय केलं? तिला म्हणालो, "असं काही नसतं. जा, खेळ." आणि खिशातून मोबाईल काढला.

कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं की उद्या सकाळी दहा वाजता सगळ्यांनी शाळेवर जमायचं. जाब विचारायचा, निवेदन द्यायचं, पत्रकार बोलवायचे. मजकूर लिहून झाला होता. तेवढ्यात बायको ड्युटीवरून आली. लेकीचं तोंड बघून तिनं आधी तिला जवळ घेतलं, काय झालं ते तिच्याकडून ऐकलं, मग माझ्याकडं आली.

"तुम्ही चाळीस माणसं घेऊन शाळेवर जाल. मोर्चा कोणावर? चार वर्षांच्या पोरीवर? अ‍ॅट्रॉसिटी तिच्यावर लावणार का?"

"तिच्या घरच्यांवर," मी म्हणालो.

"काय पुरावा? आणि परवा आपली पोर त्या वर्गात जाऊन कोणाशेजारी बसेल?" मग जरा थांबून म्हणाली, "अहो, ते सगळं नंतर. पोरीनं तुम्हाला एक विचारलं होतं. त्याचं उत्तर दिलं का?"

दिलं नव्हतं. संविधानाच्या सतराव्या कलमावर मी तासभर बोलू शकतो. पण "जयभीमवाले म्हणजे घाण का" या प्रश्नाला "नाही बाळा" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ग्रुपवरचा मजकूर मी पुसला.

मित्रांनो, त्या रात्री मी जरा हिशोब मांडला. लेक जन्मली २०२० च्या फेब्रुवारीत, लॉकडाऊनच्या महिनाभर आधी. पहिल्या लाटेत बायको पीपीई किट घालून ड्युटी करत होती आणि बाळ माझ्या आईनं सांभाळलं. मी मदतकार्यात होतो, धान्याची किट वाटत होतो. ते काम चांगलंच होतं. पण लॉकडाऊन संपलं, किट वाटणं संपलं, तरी मी घरी आलो नाही. मीटिंगा, जयंतीची वर्गणी, मोर्चे, कोणाच्या तरी केसचा पाठपुरावा. लेक तीन वर्षांची झाली तरी तिच्या पायाला किती नंबरची चप्पल लागते ते मला ठाऊक नव्हतं. सकाळचं काम माझ्याकडं आलं ते बायकोची बदली वरच्या उपकेंद्रात झाली म्हणून आणि आईच्या गुडघ्यांनी दगा दिला म्हणून. समतेच्या विचारातून मी ते घेतलेलं नाही, नाइलाजानं घेतलं. आपण खरं बोलायचं म्हणतो ना, तर हे खरं आहे.

आपण सगळे रमाईच्या जयंतीला भाषणं करतो. बाबासाहेब आणि रमाई यांची पाच लेकरं. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली, एक यशवंत तेवढे जगले. राजरत्न १९२६ साली गेला. परळच्या बीआयटी चाळीतल्या खोलीत त्या माउलीनं काय सोसलं असेल, हे सांगताना वक्त्याचा गळा दाटतो, समोरच्या बायका पदर डोळ्याला लावतात. मग कार्यक्रम संपतो, वक्ता घरी जातो आणि बसल्या जागेवरून चहा मागतो. मीही तेच केलं आहे. रमाईचा त्याग आपण इतका गातो की आपल्या बायकांनीही तसाच त्याग करत राहावा, असं आपल्याला वाटायला लागतं. त्या काळात त्या घराकडं पैसा नव्हता, औषध नव्हतं, पाठीशी सरकार नव्हतं. आपल्याकडं थोडाफार पैसा आहे, मोटरसायकल आहे, तरी लेकराच्या डब्याला आपल्याकडं वेळ नाही. याला त्याग म्हणत नाहीत, याला सवय म्हणतात.

बाबासाहेबांचं या बाबतीतलं मत काय होतं तेही आठवा. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि पगार द्यावा, असं विधेयक आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतीण आणि बाळ यांची काळजी घेणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. लेकराची काळजी ही फक्त आईची गोष्ट नाही, हे त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विधिमंडळात उभं राहून सांगितलं. आपण ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंतही आणलेलं नाही.

तर, लेकीला सांगायचं काय?

आईला विचारलं. आई म्हणाली, "सांगायचं काय त्यात? आम्हाला कोणी सांगितलं व्हतं? आपोआप कळतं." तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर वरून पाणी ओतायचे, खाली हंडा धरायचा. बहात्तरच्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती, खडी फोडायला जायची. तिथंही पाण्याची मडकी वेगळी होती. गावात केस कापायला कोणी शिवत नसे म्हणून तिचा चुलता निंबाच्या झाडाखाली सगळ्या वस्तीतल्या पोरांचे केस कापायचा. "कळलं आपोआप," आई परत म्हणाली, "पण लई दिवस मला वाटायचं, आपल्याच अंगाला काही असंल."

आईचं हे शेवटचं वाक्य मी विसरू शकत नाही. चार-पाच वर्षांचं लेकरू प्रत्येक गोष्ट स्वतःवर ओढून घेतं. आई-बाप भांडले तर त्याला वाटतं, माझंच काही चुकलं. कोणी डब्यातलं खाल्लं नाही तर त्याला वाटतं, माझ्याच हाताला काहीतरी आहे. आपण गप्प बसलो की ते लेकरू स्वतःच उत्तर शोधतं आणि बहुतेक वेळा चुकीचं शोधतं. "मोठी झाल्यावर कळेल" म्हणणं म्हणजे तोवर तिला त्या चुकीच्या उत्तराबरोबर एकटीला सोडणं.

आपल्या घरांत याची तीन उत्तरं चालतात. एक हे गप्प बसण्याचं. दुसरं भीतीचं: "त्यांच्यात जास्त मिसळू नको, मान खाली घालून ये-जा कर." या उत्तराला मी हसणार नाही. आपल्याच जिल्ह्यात २०१३ साली सोनई झालं, २०१४ साली खर्डा झालं, जवखेडे झालं. त्यानंतर आपल्या आयांनी पोरांना काय काय बजावलं ते मला माहीत आहे. पण भीतीत वाढलेलं लेकरू वर्गात हात वर करत नाही. तिसरं उत्तर आपल्या कार्यकर्त्यांचं: लेकराच्या तोंडात भाषण कोंबायचं. १४ एप्रिलला चार वर्षांच्या पोराला कोट-टाय घालून माईकसमोर उभं करायचं, त्यानं पाठ केलेलं म्हणायचं आणि आपण व्हिडिओ काढायचा. त्या लेकराला त्यातलं काय समजलं हे कोणी विचारत नाही. छकुलीला मीही असं उभं केलं होतं. तिला भाषण येत होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या भाषणात कुठंच नव्हतं.

चौथं उत्तर खऱ्याचं. लेकराला झेपेल एवढं, पण खरं.

त्या रात्री अंथरुणावर मी तिला गोष्ट सांगितली. एक होता भिवा. तो शाळेत जायचा तेव्हा घरून एक पोतं बरोबर न्यायचा, कारण त्याला बाकीच्या मुलांबरोबर बसू देत नव्हते. त्यावर बसायचा आणि संध्याकाळी ते घरी आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं पाणी दिलं तर प्यायचं, नाहीतर तसंच राहायचं. त्याचे केस कापायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याची थोरली बहीणच कापायची. कपडे बहिणीच धुवायच्या. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आपण त्यांच्या पदव्या मुलांना पाठ करून देतो, पण भावाच्या डोक्यावरून जपून कात्री चालवणारी ती बहीण कधी सांगत नाही. चार वर्षांच्या लेकराला पदवी समजत नाही. केस कापणारी बहीण लगेच समजते.

छकुलीनं विचारलं, "पोतं जड होतं का?" मी म्हणालो, थोडं असेल. "मग भिवा घाण होता का?" मी म्हणालो, "नाही. भिवा रोज आंघोळ करायचा, अभ्यास करायचा. चूक त्याला लांब बसवणाऱ्यांची होती. त्यांना कोणीतरी खोटं सांगितलं होतं आणि त्यांनी ते तपासलं नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या मम्मीला पण कोणीतरी खोटं सांगितलंय."

तिला समजलं होतं. घाण आपल्यात नाही, खोटं दुसरीकडं आहे, एवढंच त्या वयाला पुरेसं. बाकीचं ती वाढेल तसं वाढवू.

शनिवारी बायकोला सुट्टी होती. ती शाळेच्या गेटवर त्या मुलीच्या आईला भेटली. मी बरोबर नव्हतो. तिनंच मला येऊ दिलं नाही. ती बाई म्हणाली, "तसं नाही हो ताई, श्रावण आहे ना." बायको म्हणाली, "अंड्याचं समजलं. बटाट्याचं काय? अन् जयभीमवाल्यांचं नाव कशाला?" त्या बाई गप्प झाल्या. माफी मागितली नाही, भांडल्याही नाहीत. बायको म्हणाली, "तुमची पोर माझ्या पोरीला आवडते, म्हणून सांगितलं," आणि परत आली. तिचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. मी चाळीस माणसं जमवून एवढं केलं नसतं.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडं येतो.

छकुली या इंग्रजी शाळेत जाण्याआधी अंगणवाडीत जात होती. तिथं डबा नव्हता. बचत गटाच्या बायका खिचडी शिजवायच्या आणि सगळी लेकरं पंगतीत बसून एकाच पातेल्यातलं खायची. मराठ्याचं, माळ्याचं, मुसलमानाचं, आपलं, ठाकराचं, सगळ्यांचं ताट तिथंच भरायचं. मदतनीस ताई कोणत्या समाजाच्या, हे मला आजही ठाऊक नाही. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळभर पाणी पिऊन जो हक्क बजावला, तो हक्क अंगणवाडीच्या पंगतीत लेकरं रोज बजावत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला ते आपल्या तरुणांना माहीत असायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली लेकरं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. दलित-आदिवासी लेकरांच्या अंगणातून हा शब्द आला. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

मी लेकीला तिथून का काढलं? ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. संप पन्नास दिवसांच्या वर चालला. त्यांची मागणी रास्त होती आणि आहे. लेकरांचा आहार, लसीकरणाला मदत, नोंदी, वजनं, मोबाईलवर माहिती भरणं, शिकवणं, एवढं सगळं करणाऱ्या बाईला सरकार वेतन देत नाही, 'मानधन' देतं. जणू ती हौसेनं येते. त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मी त्यांच्या मोर्चात घोषणा दिल्या, मंडपात भाषण केलं. आणि संप मिटल्यावर, नवं वर्ष सुरू होताना, लेकीचं नाव इंग्रजी शाळेत घातलं. "अंगणवाडीचा काही भरवसा नाही" हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो. ज्यांच्यासाठी घोषणा दिल्या त्यांच्यावर पहिला अविश्वास मीच दाखवला.

इंग्रजीचा मोह चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आपल्या लेकरांना इंग्रजी आलंच पाहिजे. पण आपल्याला वाटतं की फी भरली की जात गेटबाहेर राहते. तसं होत नाही. तिथं पोतं नसतं, बाक सगळ्यांना सारखेच असतात, पण प्रत्येकाचा डबा वेगळा असतो आणि डब्यातून घर शाळेत येतं.

यात सरकारचा हात कुठं आहे तेही पाहू, नाहीतर सगळा दोष आई-बापांवर ढकलून मोकळे होऊ. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ ला हा विषय निघाला तेव्हा ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आखडावी अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायला आपण मनाई करतो, मग त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणातच असलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. मूळ पंचेचाळिसाव्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असं लिहिलं होतं. नीट वाचा: वय कुठवर ते लिहिलं होतं, कुठपासून ते लिहिलं नव्हतं. तीन वर्षांचं लेकरूही त्यात होतं.

मग २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण मूलभूत हक्क झालं म्हणून आपण पेढे वाटले. पण तो हक्क सहा ते चौदा वर्षांना मिळाला. सहा वर्षांखालच्या लेकरांना पुन्हा पंचेचाळिसाव्या कलमात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं. त्यासाठी कोर्टात जाऊन हक्क मागता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमात तीन ते सहा वयाच्या शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असं आहे, 'करील' असं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांपासून पायाभूत टप्पा धरला, पण हक्क तरीही दिला नाही. पाया तिसऱ्या वर्षी आणि हक्क सहाव्या वर्षी, असा हा कारभार. मधली तीन वर्षं ज्याच्याकडं पैसा त्याची.

खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांचंही तेच. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. लढणाऱ्यांनी लढून तो हाणून पाडला. पण त्या काही महिन्यांत किती आई-बाप माझ्या दुकानाच्या काउंटरवर कागद घेऊन ताटकळले, ते मी पाहिलं आहे.

आणि अंड्याचं. बायको ज्या भागात काम करते तिथं अमृत आहार योजनेतून लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळतात. ती सांगते, अंड्याच्या दिवशी पोरं सकाळपासून अंगणवाडीच्या दारात बसतात. तिकडं वजनकाट्यावर ग्रॅम-ग्रॅम मोजावं लागतं, तिथं अंड्याचा अर्थ वेगळाच असतो. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात अंडं आलं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी बंद केला. कोणाच्या घरचा आहार शुद्ध आणि कोणाचा अशुद्ध, हे आधी पातेल्यात ठरतं. मग ते वर्गात उतरतं आणि चार वर्षांच्या पोरीच्या तोंडून माझ्या पोरीच्या कानावर येतं. त्या छोट्या मुलीवर माझा राग नाही तो यामुळंच.

पुढं काय केलं? मी म्हणालो, छकुलीला परत अंगणवाडीत घालू. बायको म्हणाली, "तुमच्या तत्त्वासाठी पोरीला इकडून तिकडं हलवू नका. ती काही तुमचं आंदोलन नाही." हे मला मानावं लागलं. छकुली त्याच शाळेत आहे. पण आम्ही आणखी चार पालकांना बरोबर घेऊन शाळेत गेलो. मोर्चा नाही, विनंती. आठवड्यातून एक दिवस डबा नको, पाळीपाळीनं एका घरानं सगळ्या वर्गाचं जेवण आणावं आणि सगळ्यांनी एकत्र खावं. मुख्याध्यापिका आधी का-कू करत होत्या, मग तयार झाल्या. बायको म्हणाली, पहिली पाळी मागू नका, तिसरी घ्या.

आमच्या पाळीला तिनं आणि आईनं मसालेभात केला. आईला आदल्या रात्री झोप नव्हती. "खातील का रे?" असं तिनं तीनदा विचारलं. वर्गात चोवीस लेकरं होती. बावीस जणांनी खाल्लं. छकुलीच्या त्या मैत्रिणीनंही खाल्लं. दोन डबे त्या दिवशी घरून आले होते. कोणाचे ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही. आई रिकामं पातेलं घेऊन घरी आली आणि बराच वेळ घासत बसली.

बावीस आणि दोन. शिबिरात मला कोणी आता विचारलं की चार वर्षांच्या लेकराला जात कळते का, तर मी हा हिशोब सांगतो. जात त्या वयाला कळत नाही, ती कळवली जाते. आणि ती कळवणारे आपण नसलो तर दुसरं कोणीतरी असतंच. म्हणून आपल्या लेकराला आधी आपण सांगायचं, त्याची मान ताठ राहील असं.

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतून डीजेला देतो त्यातले थोडे पैसे वस्तीतल्या अंगणवाडीच्या छपराला, पाण्याच्या टाकीला, गोष्टींच्या पुस्तकांना द्या. सेविका ताईंच्या मोर्चात जा आणि मोर्चानंतर आपलं लेकरूही त्यांच्याकडं पाठवायची हिंमत करा. माझी झाली नाही, तुमची होवो. तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा मिळावा हा ठराव आपल्या ग्रामसभेत, नगरपंचायतीत मांडा. आणि आज संध्याकाळी मीटिंगला निघण्याआधी लेकराचा डबा उघडून बघा. काय परत आलं आहे, का परत आलं आहे, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसा.

जयभीम!